सहा आठवडे शॉप फ्लोअरवर : इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी इंडस्ट्रियल ट्रेनिंगची वाट

मे महिना उजाडला की भोसरी, चाकण, अंबड, वाळूज इथल्या कंपन्यांच्या गेटवर फाइल हातात घेतलेली मुलं-मुली दिसायला लागतात. त्यातल्या बऱ्याच जणांना सिक्युरिटीवालाच परत पाठवतो. मे महिन्यात ट्रेनिंग मागायला जाणं म्हणजे लग्नाच्या दिवशी कार्यालय बुक करायला जाण्यासारखं आहे.

हा लेख मुख्यतः मेकॅनिकल, प्रॉडक्शन आणि ऑटोमोबाईलच्या डिप्लोमा व डिग्रीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांनी सातवी पायरी आपल्या मीटर आणि मेगरला लावून वाचावी. बाकीच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच.

१. आधी नावं वेगळी करा

इंडस्ट्रियल व्हिजिट, इंडस्ट्रियल ट्रेनिंग आणि अप्रेंटिसशिप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिजिट अर्ध्या दिवसाची असते, बस भरून जायचं आणि चहा पिऊन परत यायचं. ट्रेनिंग (इंटर्नशिप म्हणा) हा अभ्यासक्रमाचा भाग असतो, त्याला मार्क किंवा क्रेडिट असतात आणि त्या काळात तुम्ही कॉलेजचे विद्यार्थीच असता. अप्रेंटिसशिप साधारणपणे पास झाल्यावर, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली, नोंदवलेला करार करून होते. तिचं शेवटच्या पायरीत बघू.

ट्रेनिंग किती आठवड्यांचं, हे सिनिअरला विचारू नका. एमएसबीटीईच्या (म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) ‘आय स्कीम’ नावाच्या डिप्लोमा अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतरच्या उन्हाळ्यात सहा आठवडे होते. स्कीम बदलली की आठवडेही बदलतात. तुमच्या स्कीमची अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून तीन गोष्टी वहीत उतरवा : किती आठवडे, डायरीचा नमुना कोणता, आणि कंपनीतल्या माणसाने मार्क द्यायचे आहेत का. ही तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते. मग ट्रेनिंग संपल्यावर मार्कांच्या फॉर्मवर सही घ्यायला पुन्हा चाकणची बस पकडावी लागते.

२. कंपनी निवडताना नावापेक्षा माणसं मोजा

सगळ्यांना मोठ्या गाडी कंपनीचं सर्टिफिकेट हवं असतं. तिथे शिस्त, सेफ्टी आणि कँटीन उत्तम असतं, पण ट्रेनी बहुतेक वेळा एकाच डिपार्टमेंटच्या एका टेबलाशी बसतो. लाइन त्याच्यासाठी थांबत नाही आणि थांबूही नये. उलट पाच लेथच्या गाळ्यात हात चालवायला मिळतो, पण कंट्रोल प्लॅन (कुठे काय आणि कसं तपासायचं त्याचा तक्ता), कॅलिब्रेशनचं म्हणजे मोजमापाची साधनं तपासल्याचं रेकॉर्ड, ग्राहकाच्या तक्रारीचं उत्तर असलं काही कागदावर नसतं.

माझ्या मते शिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे मोठ्या कंपनीला पार्ट पुरवणारी, साधारण ४० ते १५० माणसांची कंपनी. ग्राहकाचं ऑडिट होत असल्यामुळे तिथे कागद नीट असतात. आणि माणसं कमी असल्यामुळे तिसऱ्या दिवशी क्वालिटीवाला तुम्हाला नावाने हाक मारतो.

शोधायचं कुठे? उद्योजक संघटनांकडे सभासदांची यादी असते. पुण्यात मराठा चेंबर, नाशिकला निमा आणि आयमा, छत्रपती संभाजीनगरला मसिआ आणि सीएमआयए, कोल्हापूरकडे स्मॅक आणि गोशिमा, नागपूरला व्हीआयए. यादीतून तुमच्या कामाच्या पंधरा कंपन्या काढा. कास्टिंगमध्ये रस असेल तर पुण्यात हेलपाटे घालण्यापेक्षा सरळ कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावची फौंड्री बघा. ग्रीन सँडमधलं (साच्याच्या ओलसर वाळूतलं) पाणी साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या वर गेलं की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं, कशी येतात, हे तिथे सकाळच्या सँड टेस्टमध्ये आणि दुपारच्या रिजेक्शनच्या ढिगाऱ्यात एकाच दिवशी दिसतं.

अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत करा. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात फिरकू नका. वर्षअखेरीच्या डिस्पॅचमध्ये मालकाला जेवायला वेळ नसतो, तो तुम्हाला काय भेटणार!

३. फाइलमध्ये काय हवं

- कॉलेजच्या लेटरहेडवर शिफारसपत्र. त्यात शाखा, सत्र, ट्रेनिंगची तारीख अमुक ते अमुक, विद्यार्थ्यांची नावं आणि समन्वयक सरांचा फोन नंबर.
- बोनाफाईड आणि कॉलेजचं ओळखपत्र, दोन-दोन झेरॉक्स.
- आधारची झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे चार फोटो.
- पालकांचं संमतीपत्र.
- अपघात विम्याचा कागद. कॉलेजने ग्रुप पॉलिसी काढलेली असते, पण तिची प्रत ऑफिसातून मागून घ्यावी लागते.
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, स्टायपेंड मिळणार असेल तर.
- एका पानाचा बायोडेटा. छंद लिहू नका, कोणती मशीन आणि कोणतं सॉफ्टवेअर हाताळलं ते लिहा.

विम्याचा कागद नसला की एचआर ‘बघू’ म्हणतं, आणि ‘बघू’ म्हणजे नाही. अप्रेंटिसला अपघात झाला तर भरपाईची तरतूद त्याच्या कायद्यातच आहे. कॉलेजच्या ट्रेनीला तसं छत्र नसतं, म्हणून हा कागद कंपनीइतकाच तुमच्याही फायद्याचा आहे.

४. गेटपासून एचआरपर्यंत

आठ जणांची टोळी घेऊन जाऊ नका. एका पत्रावर दोन, फार तर तीन नावं. आठ ट्रेनी म्हटलं की सुपरवायझरच्या डोळ्यापुढे आठ जोडी सेफ्टी शूज आणि आठ जणांचं रक्षण उभं राहतं.

वेळ सकाळी साडेदहा-अकरा किंवा दुपारी तीन-चारची. शिफ्ट बदलताना जाऊ नका, सोमवारी सकाळीही नको. पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. हे ठाऊक नसल्याने कितीतरी जण बंद गेट बघून परततात. लहान कंपनीत एचआर नसतंच, तिथे ‘मालकांना किंवा प्लँट हेडना भेटायचंय’ असं सांगा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या आणि आठवड्याने एकदा फोन करा. रोज फोन केला तर नंबर ब्लॉक होतो.

होकार मिळाला की चार गोष्टी लगेच विचारून घ्या : शिफ्ट कोणती, कंपनीची बस आणि कँटीन मिळेल का, स्टायपेंड आहे की नाही, आणि कोणाच्या हाताखाली काम करायचं. स्टायपेंड बहुतेक ठिकाणी नसतो. तो आधी विचारायला संकोच करायचा आणि शेवटी रुसायचं, त्यापेक्षा पहिल्याच दिवशी स्पष्ट झालेलं बरं.

५. अंगावर काय, खिशात काय

स्टीलची टोपी असलेले आयएसआय मार्कचे सेफ्टी शूज स्वतःचे घ्या. कंपनीत ट्रेनीच्या मापाचे मिळतीलच असं नाही. सुती शर्ट-पँट, बाह्या घट्ट. ओढणी, सैल बाह्या, अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवा. केस बांधून टोपीखाली घ्या. गॉगल आणि इअर प्लग बहुधा कंपनी देते, ते लावूनच फिरा.

हातमोज्यांबद्दल नवख्यांचा कायम गोंधळ होतो. धारदार शीट उचलताना, गरम जॉब धरताना ते हवेतच. पण ड्रिल किंवा लेथ चालू असताना फिरणाऱ्या भागाजवळ हातमोजे घालायचे नाहीत. बोटाला नुसता ओरखडा गेला असता, तिथे मोज्याचं टोक अडकून सगळा हात आत ओढला जातो. चिप्स हाताने काढायच्या नाहीत, त्यासाठी हूक आणि ब्रश असतो. एअर गनने अंगावरची धूळ उडवायची नाही. आजूबाजूला सगळे करत असले तरी नाही.

खिशात छोटी डायरी, १५० मिमीची स्टीलपट्टी आणि साधं बॉलपेन. जेल पेन नको, कूलंटचा एक थेंब पडला की दिवसभराचं लिहिलेलं निळं पाणी होतं. मोबाईल गेटवर जमा होईल किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लावतील, हे धरून चाला.

६. पहिला आठवडा : एका जॉबच्या मागे चाला

पहिल्या आठवड्यात कोणत्याही मशीनचं बटण दाबू नका. एक पार्ट निवडा आणि तो कच्चा माल म्हणून स्टोअरमध्ये येतो तिथपासून डिस्पॅचच्या खोक्यात बसेपर्यंत त्याच्या मागे चाला. प्रत्येक थांब्यावर पाच गोष्टी लिहा : ऑपरेशन काय, मशीन कोणती, जॉब कशात पकडलाय, काय मोजतात आणि किती नगांनी एकदा मोजतात. शनिवारी हे सगळं एका पानावर बाण काढून मांडा. हाच तुमच्या रिपोर्टचा प्रोसेस फ्लो. इंटरनेटवरून उचललेला फ्लो परीक्षकाला दुसऱ्या ओळीत ओळखू येतो, कारण त्यात ‘सेकंड सेटअपला जॉब उलटा करून पकडतात’ असलं वाक्य कधी नसतं.

रोज सकाळी फर्स्ट पीस अप्रूव्हलच्या वेळी सेटरच्या, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याच्या, शेजारी उभे राहा. शिफ्टचा पहिला नग क्वालिटीवाल्याने पास केल्याशिवाय लॉट सुरू होत नाही. तो नापास झाला की सेटर ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) कुठे आणि किती बदलतो, ते पुस्तकात सापडत नाही.

ऑपरेटरला नावाने हाक मारू नका. दादा, काका, मामा, जिथे जे चालतं ते. वीस वर्षं एकाच मशीनवर काढलेल्या मामांना ‘तुमचं शिक्षण किती?’ असं विचारणारा ट्रेनी पुढचे पाच आठवडे भिंत बघत बसतो. मशीन चालू असताना प्रश्न विचारू नका. चहाच्या सुट्टीत विचारा.

७. मोजायला शिका, तेही खरंखुरं

सहा आठवड्यांत दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण हे जमवाच.

ड्रॉइंगवर बोअर (भोक) २५ एच७ लिहिलंय, यात २५ हा व्यास आणि एच७ ही टॉलरन्सची, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाची, खूण. म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मिमीच्या आत हवं. नवखा ट्रेनी ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (कमीत कमी तेवढंच मोजणारा) व्हर्निअर घालतो आणि ‘२५.०२, ओके’ म्हणतो. पूर्ण टॉलरन्स ०.०२१ आणि व्हर्निअरची एक घर ०.०२! ही फूटपट्टीने केसाची जाडी मोजण्याची गत झाली. साधा नियम असा की मोजण्याच्या साधनाची बारकाई टॉलरन्सच्या दहाव्या हिश्श्याइतकी हवी, म्हणजे इथे साधारण ०.००२ मिमी. म्हणून तिथे एअर गेज किंवा बोअर गेज असतो, नाहीतर रोजच्या तपासणीला गो–नो-गो प्लग गेज.

प्लग गेजची गो बाजू स्वतःच्या वजनाने किंवा हलक्या हाताने आत जायला हवी, नो-गो बाजू जायला नको. नो-गो बाजू आखूड असते आणि तिला बहुधा लाल खूण असते. गो बाजू अडली तर जोर लावू नका. आधी बर (कडेला उरलेली धातूची धार) काढा, बोअर पुसा, मग बघा. जोर लावल्याने गेज झिजतो, आणि झिजलेला गो गेज लहान बोअरलाही पास करतो.

दुसरी चूक गरम जॉब मोजण्याची. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ८० मिमी व्यासाचा शाफ्ट मशीनमधून २० अंश जास्त गरम निघाला तर त्याचा व्यास सुमारे ०.०१८ मिमी जास्त दिसतो. या व्यासाला शाफ्टच्या एच६ (स्मॉल एच) फिटचा पूर्ण टॉलरन्सच ०.०१९ आहे! म्हणजे मशीनजवळ ‘ओके’ म्हणून ट्रेमध्ये ठेवलेला शाफ्ट दुपारी क्वालिटीच्या एसी रूममध्ये अंडरसाइज निघू शकतो. मग ऑपरेटर आणि इन्स्पेक्टर यांची जुंपते, आणि दोघांचंही रीडिंग आपापल्या जागी बरोबर असतं. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस का ठरवलंय, ते या भांडणात नीट कळतं.

मायक्रोमीटर वापरताना शेवटचा पीळ थिंबलने देऊ नका, रॅचेटने द्या, दोन-तीन टिकटिक झाल्या की थांबा. मोजण्याआधी झिरो बघा. आणि कुठलंही साधन उचललं की आधी त्यावरचा कॅलिब्रेशनचा स्टिकर वाचा. ड्यू डेट उलटून गेलेलं साधन सापडलं तर ओरडून जाहीर करू नका. क्वालिटीच्या साहेबांना बाजूला घेऊन सांगा.

८. एकच प्रश्न घ्या आणि तो आकड्यात मांडा

तिसऱ्या आठवड्यात ‘प्रॉडक्टिव्हिटी इम्प्रूव्हमेंट’ असला भला मोठा विषय घेऊ नका. एक मशीन, एक पार्ट, एक प्रश्न.

समजा एका सीएनसीचा सायकल टाइम ९० सेकंद आहे. तो कार्डावरून उतरवू नका, स्टॉपवॉच मागून घेऊन लागोपाठ दहा नग मोजा. त्यात जॉब काढणं-घालणं धरलंय की नाही, ते स्पष्ट लिहा. गफलत बहुधा इथेच होते. आठ तासांची शिफ्ट, त्यातून जेवणाची ३० मिनिटं आणि चहाची दोनदा १०-१० मिनिटं वजा केली की ४३० मिनिटं उरतात. ९० सेकंदांनी २८६ नग निघायला हवेत. रजिस्टरमध्ये २३० आहेत. २३० नगांना ३४५ मिनिटं लागली, मग उरलेली ८५ मिनिटं गेली कुठे?

या ८५ मिनिटांचा हिशेब म्हणजेच तुमचा प्रोजेक्ट. तीन दिवस मशीनजवळ उभे राहून प्रत्येक थांबा मिनिटांत लिहा : इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलणं, मापासाठी थांबणं, मटेरियलची ट्रॉली न येणं, चिप्स अडकणं, इन्स्पेक्टरची वाट. मग सगळ्यात मोठ्या एका कारणावर एकच सूचना द्या. ‘इन्सर्ट बदलायला टूल क्रिबपर्यंत (टूलच्या स्टोअरपर्यंत) जावं लागतं, मशीनजवळ चार इन्सर्टचा डबा ठेवला तर हे फेरे वाचतील’ एवढंही पुरे. सूचना मान्य झाली तर आणखी तीन दिवस मोजा. झाली नाही तर का झाली नाही ते लिहा. मालकाचं ‘इन्सर्ट चोरीला जातात’ हे उत्तरही रिपोर्टमध्ये बसतं, फक्त जरा सभ्य भाषेत.

एक काळजी घ्या. स्टॉपवॉच हातात दिसलं की ऑपरेटरला वाटतं आपलं टार्गेट वाढणार. आधी त्यांना सांगा की तुम्ही मशीनचा थांबा मोजताय, माणसाचा नाही. आणि आकडे वर पाठवण्याआधी त्यांना दाखवा.

९. डायरी रोजच्या रोज

पाच ओळी पुरतात : काय पाहिलं, एक आकडा, एक न कळलेली गोष्ट. दर शनिवारी सुपरवायझरची सही. शेवटच्या रात्री एकाच पेनाने, एकाच अक्षरात सहा आठवडे लिहून काढलेली डायरी कोणालाही ओळखता येते, त्यात गुरुवारच्या सुट्टीच्या दिवशीही मशीन चालू असते.

१०. दोन खड्डे

पहिला खड्डा : ट्रेनीच्या नावाखाली फुकटचा हेल्पर. आठवडाभर एका मशीनवर उभं केलं तर तक्रार करू नका, त्या मशीनची नस कळते. पण दोन आठवडे उलटूनही तेच लोडिंग-अनलोडिंग, बारा-बारा तास, आणि डिपार्टमेंट बदलायचं नाव नाही, तर आधी सुपरवायझरला आणि मग कॉलेजच्या समन्वयकांना कळवा. पॉवर प्रेसवर तर ट्रेनीने हात घालायचाच नाही, कोणी कितीही घाई करो.

दुसरा खड्डा : ‘यायची गरज नाही, अमुक हजार भरा, सर्टिफिकेट घरी येईल.’ हे घेणारा ओरल परीक्षेत तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. कंपनीतल्या ट्रेनिंगसाठी पैसे मागितले की तिथून निघा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांचे फी घेऊन चालणारे कोर्स ही वेगळी गोष्ट आहे. ते चांगले असतात, पण ते कोर्स आहेत. कॉलेज त्यांना ट्रेनिंग म्हणून धरतं का, हे आधी लेखी विचारा.

११. सर्टिफिकेट आणि रिपोर्ट

सर्टिफिकेटचा मसुदा शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच टाइप करून एचआरला द्या. नाव मार्कशीटप्रमाणे, तारखा पत्राप्रमाणे, डिपार्टमेंट, लेटरहेड, सही, शिक्का. सर्टिफिकेटवरची तारीख ट्रेनिंग संपल्याच्या दिवसाची किंवा नंतरची हवी. आधीची तारीख पडली की कॉलेज परत पाठवतं, आणि तोवर सही करणारे साहेब रजेवर गेलेले असतात.

रिपोर्टमध्ये कंपनीचं ड्रॉइंग जसंच्या तसं लावू नका, ते ग्राहकाच्या मालकीचं असतं. हाताने साधी आकृती काढा, पार्ट नंबर आणि ग्राहकाचं नाव गाळा. फोटो हवेच असतील तर लेखी परवानगी घ्या. जमा करण्याआधी एक प्रत सुपरवायझरला वाचायला द्या.

१२. पास झाल्यावर : अप्रेंटिसशिप

डिग्री आणि डिप्लोमावाल्यांसाठी केंद्राचं नॅट्स (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) पोर्टल आहे. पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत शीवला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने किमान स्टायपेंड डिग्रीला महिना ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० रुपये ठरला, त्याचा निम्मा वाटा सरकार उचलतं. त्याच दुरुस्तीने ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक केलं. म्हणजे अशा कंपनीकडे जागा मागताना तुम्ही उपकार मागत नसता.

वर्षभराने नोकरी मिळेलच असं नाही, कायदा कंपनीवर तशी सक्ती करत नाही. पीएफ आणि ईएसआयही लागू नसतो. पण शेवटी मिळणारं प्रावीण्य प्रमाणपत्र सरकारी असतं.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (२०२४) डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवलं होतं, तर त्याच वर्षीच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना ५,०००. या तिन्हींची कागदपत्रं आणि अटी वेगळ्या आहेत, एकाचा फॉर्म दुसऱ्याला चालत नाही.

नॅट्समध्ये सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आधारवर ‘रा. ग.’ आणि मार्कशीटवर पूर्ण नाव असेल, किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल, तर सरकारी हिस्सा अडकतो. नोंदणीच्या आधी आधार दुरुस्त करा. आणि पोर्टलवर करार मंजूर झालेला दिसल्याशिवाय ‘उद्यापासून या, कागद नंतर बघू’ या बोलावण्यावर रुजू होऊ नका. करार नोंदवण्याआधी केलेले दिवस त्या वर्षात धरले जात नाहीत.